मदत हवी आहे : बेबी कॉटच्या गजांमधलं अंतर आणि कोकणातला पावसाळा

सावंतवाडीत सागवानी बेबी कॉट बनतात. माल युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाला पाठवायचा आहे. गजांमधलं अंतर युरोपच्या ईएन ७१६ या कॉट-सुरक्षा मानकानुसार ४५ ते ६५ मिमी, अमेरिकेत जास्तीत जास्त सुमारे ६० मिमी, ऑस्ट्रेलियात ५० ते ९५. म्हणजे ५५ धरलं की तिन्हीकडे चालतं. पण सांगाडा एकच ठेवता येत नाही: अमेरिकेत फुल साइझ कॉटचं आतलं माप साधारण ७१ × १३३ सेंमी ठरलेलं, युरोपात ६० × १२० ची गादी सर्रास. खाली सरकणारी बाजू तर अमेरिकेत २०११ पासून बंदच.

खरी अडचण ओलाव्याची. जुलैत इथलं लाकूड दमट असतं. तिकडच्या हीटर लावलेल्या घरात ते आकसतं, गज बारीक होतात, अंतर वाढतं आणि कूस (गजाचं खाचेत बसणारं टोक) सैल पडते. ढिला गज बाळाच्या डोक्यासाठी धोकाच, म्हणून यात तडजोड नको.

कुडाळ-रत्नागिरी भागात लाकूड ८-१० टक्के ओलाव्यापर्यंत सुकवून देणारी भट्टी कुणाकडे आहे? सुकवल्यावर कंटेनर भरेपर्यंत ते पुन्हा ओलावा धरू नये म्हणून काय करता? आणि अमेरिकेच्या सीपीएससीने (ग्राहक वस्तूंची सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) मान्य केलेली, पूर्ण कॉट तपासणारी भारतातली प्रयोगशाळा कोणती?