साखरपुडा मोडला, आता मुलगा बहिणीच्या मागे लागलाय, धमक्या देतोय. कायद्याने काय करता येईल?

डिचोलीची_थोरली
नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. धाकटी बहीण पणजीत खाजगी ऑफिसात कामाला आहे, रोज कदंबच्या सरकारी बसने ये-जा करते. तिचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला, रजिस्ट्रारकडे पहिली सही पण झाली आणि मग त्या मुलाचे रंग दिसायला लागले, मोबाईल तपासणं, ऑफिसात कोणाशी बोललीस म्हणून शिव्या, एकदा तर भर रस्त्यात हात पिरगळला. दुसऱ्या सहीच्या आधीच तिने नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो पाठ सोडत नाही. संध्याकाळी पणजी बसस्टँडवर उभा असतो, तिच्याच बसमध्ये चढतो, नवनवीन नंबरवरून फोन करतो, कधी रडतो, कधी म्हणतो तू कायद्याने माझी बायको आहेस, दुसरीकडे लग्न कसं होतं तेच बघतो. आता तोंडावर ॲसिड टाकीन इथपर्यंत गेलाय. दोघांचे फोटो आहेत ते सगळ्या नातेवाईकांना पाठवीन म्हणतो.
घरात बाबा म्हणतात पोलिसात गेलो तर गावभर होईल, पोरीचं पुढे जमणार नाही. काका म्हणतात देवीला कौल लावू, पंचाला मध्ये घालून समजावू. समजावून झालंय हो, पंचासमोर आणि त्याच्या आईवडिलांसमोर, थोडे दिवस गप्प बसला आणि परत सुरू. बहीण आता नोकरी सोडायचं बोलतेय आणि मला ते बघवत नाही. त्याने जवळ येऊ नये असा कोर्टाचा आदेश मिळतो का? सुरुवात कुठून करायची?

म्हापसेकर८२
ताई, डोमेस्टिक व्हायोलन्सखाली प्रोटेक्शन ऑर्डर मिळते, मॅजिस्ट्रेट देतो. आमच्या नात्यात एकीला मिळाली होती, नवऱ्याला घराजवळ फिरकायची बंदी झाली. लगेच अर्ज करा.

कोर्टाच्या_पायरीवर
म्हापसेकर, तुमच्या नात्यातली ती बाई नवऱ्याच्या घरात राहत होती म्हणून तिला मिळाली. २००५ चा तो कायदा एका घरात राहिलेल्यांसाठी आहे, लग्नाचे असोत, लग्नासारखं एकत्र राहिलेले असोत किंवा रक्ताचे. इथे दोघं एका छताखाली राहिलेच नाहीत, त्यामुळे तो अर्ज टिकणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

थोरली ताई, आधी ती बायकोवाली गोष्ट. गोव्यात पहिली सही म्हणजे लग्न करायचा इरादा जाहीर करणं. मग नोटीस लागते, मुदत जाते, आणि दुसरी सही होऊन नोंद झाली की मगच लग्न. दुसरी सही नाही म्हणजे ती त्याची बायको नाही, तो कितीही ओरडला तरी नाही. एकदा रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन रेकॉर्डला काय आहे ते विचारून घ्या, बाबांची पण धास्ती जाईल. (दुसरी सही झाली असती तर मात्र कोर्टातूनच सोडवावं लागलं असतं, तिने वेळेत पाऊल मागे घेतलं हे खूप बरं केलं.)

आता मुख्य. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम ७८ म्हणजे पाठलाग. बाईने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क करत राहणं हा गुन्हा आहे, पहिल्यांदा शिक्षा झाली तर ३ वर्षांपर्यंत, परत केलं तर ५ पर्यंत. हा दखलपात्र आहे म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा. ॲसिडची धमकी कलम ३५१ मध्ये येते, जिवे मारायची किंवा गंभीर इजा करायची धमकी असेल तर ७ वर्षांपर्यंत. पण तक्रारीत नुसतं "धमक्या देतो" एवढंच लिहिलं की एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवायचा धोका असतो, म्हणून बसस्टँड, बस, फोन, तिने नाही कधी सांगितलं, हात कधी पिरगळला, सगळं तारखेनिशी लिहा, तुमच्या केसचा जीव पाठलागातच आहे.

आणि जवळ येऊ नये असा आदेश विचारलात, त्याला दोन वाटा आहेत. एक, दिवाणी कोर्टात मनाईचा दावा, त्यात निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई मागता येते. दुसरी, शांतता राखण्याचा बाँड. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, जुन्या सीआरपीसीतलं १०७, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालतं, त्या मुलाकडून एक वर्षापर्यंतचा बाँड लिहून घेतात. पोलीसच अहवाल पाठवतात, पण तुम्ही तक्रारीत तशी मागणी लिहाच.

फोंड्याची_स
मी या सगळ्यातून गेलेय म्हणून लिहितेय. आधी पुरावा. बहिणीने एकच मेसेज करायचा, मला तुझ्याशी कसलाही संबंध नको, फोन करू नकोस, मागे येऊ नकोस, बस. त्यानंतर एकही उत्तर नाही, रागाने पण नाही, कारण मग तो कोर्टात म्हणतो ती पण बोलत होती. जुनं काही डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसायला हवी, आणि मूळ फोन जपून ठेवा कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं. ऑफिसच्या दाराशी सीसीटीव्ही असेल तर आजच मॅनेजरशी बोला, फुटेज थोड्याच दिवसात पुसलं जातं.
मला एका ठाण्यावर सांगितलं गेलं की मिटवून घ्या, तुमच्याच पोरीचं नाव जाईल. मी तोंडी काहीच बोलले नाही परत, लेखी तक्रार दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. तरी हललं नाही तेव्हा तीच तक्रार पोस्टाने एसपींना, म्हणजे पोलीस अधीक्षकांना पाठवली, आणि मग चक्र फिरलं. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हद्दीचं कारण दिलं तर झीरो एफआयआर म्हणायचं, कुठल्याही ठाण्याला घ्यावा लागतो. पणजीत महिला पोलीस स्थानक आहे, बहीण तिथेच कामाला तर तुम्हाला तेच सोयीचं. वकिलाच्या पैशांचं टेन्शन घेऊ नका, बाईला उत्पन्न कितीही असो मोफत कायदा सेवा मिळते, १५१०० वर फोन करा. १८१ ही महिला हेल्पलाइन पण आहे. आणि तो समोर उभा असेल तर सरळ ११२.

साखळीचो_बापूय
मला दोन मुली आहेत म्हणून तुमच्या बाबांसाठी लिहितो. कौल जरूर लावा, मी पण लावतो. पण ॲसिडचं तोंडात आणणाऱ्याला पंच समजावू शकत नाही, त्याला पंचाचं भय नाही हे एकदा दिसलंय ना. गावभर व्हायचं ते आत्ताच झालंय, कदंबच्या बसमध्ये आपल्याच गावची माणसं असतात आणि ती बघतायत. पोरगी घरी बसली तर त्याला वाटेल आपण जिंकलो. बाबा स्वतः ठाण्यावर तिच्या बाजूला उभे राहिले तर तिला केवढा आधार होईल, आणि मी तर म्हणतो पंचाला घ्यायचंच तर साक्षीदार म्हणून घ्या, त्या बैठकीत त्याने काय कबूल केलं ते सांगायला. भिऊ नाका.

डिचोलीची_थोरली
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना बापूयचा मेसेज वाचून दाखवला, काही बोलले नाहीत पण कधी जायचं विचारलं. सोमवारी जातोय. फोटोंचं काय करू? साधेच आहेत, साखरपुड्याचे आणि फिरायला गेले होते तेव्हाचे.

कोर्टाच्या_पायरीवर
साधे फोटो असतील तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, नातेवाईकांना तुम्हीच आधी सांगून टाका, त्याच्या हातातलं हत्यारच जाईल. पण पाठवीन म्हणून धमकावतो ते तक्रारीत लिहाच. खाजगी असते किंवा खोटे बनवून टाकले तर केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा, रायबंदरला सायबर पोलीस स्थानक आहे, आयटी कायद्याची कलमं लागतात.
अजून एक, हे आधीच माहीत असू दे. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, तो त्याच दिवशी बाहेर येऊ शकतो. तेव्हा हताश होऊ नका, त्यानंतर तो परत दिसला किंवा फोन आला की प्रत्येक वेळी नवी लेखी तक्रार, तपास अधिकाऱ्याचा नंबर बहिणीच्या फोनमध्ये, आणि सुरुवातीला थोडे दिवस बसस्टँडपर्यंत कोणीतरी सोबत. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.