लहान भाऊ अंडरग्राउंड कोळसा खाणीत लागला, छत आणि गॅसचे नियम नेमके काय असतात?

धुऱ्यावरची_ताई:

नमस्कार सगळ्यांना. आम्ही वणीकडचे. तीन वर्षांआधी आमचं साडेचार एकर वावर खाणीत गेलं, त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी होती ती लहान भावाच्या नावावर केली. वावर गेलं ओपनकास्टमध्ये, म्हणजे वरून खोदायच्या उघड्या खाणीत, पण त्याची पोस्टिंग आली अंडरग्राउंडला. मेडिकल झालं, व्हीटीसीची, म्हणजे खाणीच्या ट्रेनिंग सेंटरची, ट्रेनिंग झाली, आता दीड महिन्यापासून तो खाली उतरून राहिला. २२ वर्षांचं पोट्टं, आजपर्यंत आमच्या विहिरीत सुद्धा उतरलं नव्हतं.

परवा सेकंड शिफ्ट करून आला, मी ताट वाढलं तर भाकर तोडताना हात थरथरत होता. आई झोपल्यावर सांगितलं त्यानं. ब्लास्टिंग होऊन गेली होती, धूर पुरता निघाला नव्हता, नवीन निघालेल्या छताला बोल्ट नाही, बल्ली म्हणजे टेकू द्यायचं लाकूड नाही, काहीच नाही, आणि त्याला म्हणाले जाऊन ती केबल मागे ओढून आण. हा गेला, नवीन आहे, काय बोलणार. केबल घेऊन वळला आणि चार पावलं आला असंल तर मागे छतातून दगड सुटला. किती मोठा विचारलं तर त्यानं ताटाच्या बाजूला दोन्ही हात पसरवून दाखवले, आमच्या चुलीसमोरच्या पाटापेक्षा मोठा. तिथं कोणी काही बोललं नाही, काम सुरूच राहिलं.

खाणीचं नाव लिहीत नाही, त्याला त्रास व्हायचा. मला एवढंच विचारायचं आहे की अशा छताखाली पाठवता येते का? तो नाही म्हणू शकते का, की नोकरी जाईल? आणि गॅसचं पण सांगा कोणी, तो म्हणते मीटर असते पण त्याचा आकडा कोणी सांगत नाही. आई रोज गाडीचा आवाज येईपर्यंत ओट्यावर बसून राहते, तिला काहीतरी खरं सांगायचं आहे मला.

जुना_ओव्हरमन:

ताई, मी ३४ वर्षं अंडरग्राउंडले काढली, शेवटची ११ वर्षं ओव्हरमन, म्हणजे शिफ्टच्या कामावर देखरेख करणारा, म्हणून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही, त्याले तिथं पाठवायचंच नव्हतं. केबल असो, फावडं असो, कोणाचा जेवणाचा डबा राहिला असो.

ब्लास्टिंग झाल्यावर जे ताजं छत उघडं पडते त्याले आम्ही ग्रीन रूफ म्हणतो, म्हणजे अजून सपोर्ट न लागलेलं कच्चं छत. त्याच्याखाली फक्त सपोर्ट लावणारे जातात, आणि ते पण सुटे नाही जात. आधी ड्रेसर पक्क्या छताखाली उभा राहून लांब सब्बलीनं लोंबकळलेले दगड पाडते, मग टेम्पररी सपोर्ट देत देत पुढं सरकते, मग पक्के बोल्ट लागतात, त्यानंतर बाकीच्या माणसांचा नंबर. सपोर्ट किती अंतरावर लावायचा, कोणत्या जागी किती, हे त्या खाणीच्या प्लॅनमध्ये लिहून असते आणि सरदारले, म्हणजे ओव्हरमनच्या हाताखाली एका भागाचं काम पाहणाऱ्याले, पाठ पाहिजे. आपल्या देशात खाली मरणाऱ्यांमध्ये छत आणि बाजू कोसळून मेलेले कायम मोठ्या संख्येनं राहिले आहेत. गॅसचा स्फोट पेपरात येते, छत एकेकाले गुपचूप नेते.

तुमच्या भावाले छत ऐकायले शिकवा. मले माझ्या पहिल्या सरदारानं शिकवलं होतं, त्याची आठवण अजून हातात आहे. एका हातानं काठीनं छत ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं बाजूलेच छताले लावून ठेवायची. टणटण वाजलं तर ठीक. फुटक्या मडक्यासारखं भद्द वाजलं, नाहीतर बोटाले आतून थरथर लागली तर वरचा थर सुटला आहे, तिथून मागे व्हायचं, विचार नंतर करायचा. बारीक खडे गळून राहिले, बल्ली चरचर वाजून राहिली तरी तेच. जुने लोक म्हणायचे छत आधी बोलते. नेहमी नाही बोलत, हे पण सांगतो, म्हणून फक्त कानावर राहू नये.

आणि शिफ्ट सुरू व्हायच्या दोन तासांच्या आत सरदारानं आपला पूर्ण डिस्ट्रिक्ट, म्हणजे खाणीतला आपल्या वाट्याचा भाग, फिरून पाहायचा, छत, बाजू, हवा, गॅस, आणि वहीत लिहून सही करायची, हा नियम आहे, मेहेरबानी नाही. आम्ही पाहिलेल्या जागी खडूनं तारीख आणि सही टाकायचो. भावाले सांगा आपल्या फेसवर, म्हणजे कोळसा निघते त्या जागी, आजची तारीख दिसते का ते रोज पाहायचं.

गॅसचं रात्री लिहितो, आता नातीले शाळेतून आणायचं आहे.

कोळसा_रोड:

एवढं घाबरून कसं चालेल, खाली असंच असते, टार्गेट असते वरून, प्रत्येक वेळी छत पाहत बसले तर टन कसा निघेल. सरकारी पगार मिळून राहिला तर थोडी हिंमत पाहिजे. आमच्या गावात किती जण रांगेत आहेत अशा नोकरीसाठी.

जुना_ओव्हरमन:

भाऊ, मी खाली माणूस उचलला आहे. स्ट्रेचर हॉलेज रोडनं, म्हणजे कोळशाचे डबे ओढायच्या रस्त्यानं, वर आणायले आम्हाले पन्नास मिनिटं लागली आणि तो पस्तिसाव्या मिनिटाले गेला. त्या दिवशी टन निघालाच नाही, पुढचे तीन दिवस पण नाही निघाला. सपोर्ट लावायले किती वेळ लागते ते मले माहीत आहे, मी हजारदा लावून घेतला आहे. हिंमतीची गोष्ट माझ्यासमोर करू नका.

खलाशी_भद्रावती:

ताई मी खाणीतलं पाणी काढायच्या पंपावर आहे आणि आमच्याकडे पिट सेफ्टी कमिटीत पण आहे. नाही म्हणता येते का ते सांगतो. येते. पण कसं म्हणायचं ते महत्त्वाचं आहे. भांडण करायचं नाही, काम टाकून वर निघून पण जायचं नाही, ते मग कामचुकार म्हणून लिहितात. सरदारले सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, छत तपासून द्या, सपोर्ट लावून द्या, मग जातो. बस एवढंच. चार जणांनी ऐकलं म्हणजे जबाबदारी त्याच्यावर गेली आणि ते त्याले पण माहीत असते, धोक्याच्या जागेतून माणसं मागे घेणं हे नियमानं त्याचंच काम आहे. नाही ऐकलं तर ओव्हरमन, मग सेफ्टी ऑफिसर, मग मॅनेजर.

१०० च्या वर कामगार असले तर पिट सेफ्टी कमिटी असावी लागते आणि ५०० किंवा जास्त असले तर वर्कमेन्स इन्स्पेक्टर, म्हणजे कामगारांच्या बाजूनं खाण तपासणारे लोक. ते आपलेच असतात, वहीत लिहितात, आणि मॅनेजरले त्याच्यावर काय केलं ते लिहून द्यावं लागते. भावाले म्हणा आधी त्यांची ओळख करून घे, कँटीनमध्ये भेटतात. त्याच्यावर डीजीएमएस, म्हणजे खाणींची सुरक्षा पाहणारं केंद्र सरकारचं खातं आहे, मुख्य ऑफिस धनबादले, पण आपल्या नागपूरले पण आहे. त्यांचा इन्स्पेक्टर धोका दिसला तर ती जागा बंद करू शकते.

परवाच्या दगडाचं तरी सांगायले पाहिजे होतं. कोणाले लागलं नाही म्हणून वहीत काहीच आलं नाही, आणि मग पुढच्या शिफ्टवाल्याले कसं माहीत होईल की त्या जागेचं छत कच्चं आहे. हे मले फार लागते मनाले. अजून उशीर नाही झाला, जागा आणि तारीख सांगून कमिटीवाल्याकडे द्या.

जुना_ओव्हरमन:

आता गॅस. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेट घेते, ९-१० च्या जवळ सगळ्यात जोरात. म्हणून नियमानं तो खाणीत कुठंच १.२५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ५ चा चौथा हिस्सा, आणि डिस्ट्रिक्टमधून परत जाणाऱ्या हवेत ०.७५ च्या वर नाही. १.२५ च्या वर गेला की लाइट कट आणि माणसं बाहेर. मिथेन हलका असते, छताच्या कोपऱ्यात जाऊन बसते, म्हणून मीटर कमरेजवळ धरून पाहिला तर ती तपासणी नाही झाली, छताजवळ धरावा लागते. भावाले सांगा सरदारले सरळ आकडा विचार, त्यात लपवायसारखं काही नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच खाणी पहिल्या डिग्रीच्या आहेत, म्हणजे गॅस कमी, आणि यामुळेच लोक सैल होतात. आपल्या कोळशाचा खरा दुर्गुण वेगळा आहे. तो आपोआप तापते. कोळसा काढून सोडलेल्या भागात, ज्याले आपण गोफ म्हणतो, चुरा राहिला आणि थोडी थोडी हवा लागत राहिली की आतल्या आत गरम होत होत पेटते. म्हणून तो भाग वेळेत खाली करून पक्की भिंत बांधून बंद करतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघते, रंग नाही वास नाही. डोकं दुखायले लागलं, पाय जड झाले की माणसाले वाटते झोप नाही झाली. कमरेले जो सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचा डबा असते तो याच्यासाठी आहे. काही पोट्टे जड होते म्हणून काढून खुंटीले टांगून ठेवतात आणि दोनशे मीटर पुढं काम करतात. तो कमरेलेच पाहिजे. आणि डोळे मिटून, अंधारात उघडून तोंडात धरता आला पाहिजे, घरी याची प्रॅक्टिस तोंडी तरी करून घ्या त्याच्याकडून.

हवेचं पण सांगतो, सगळ्यात मोठ्या शिफ्टमधल्या प्रत्येक माणसामागे मिनिटाले कमीत कमी ६ घनमीटर हवा पोचली पाहिजे असा नियम आहे. हवेचे दरवाजे उघडे टाकू नये. एक दरवाजा दगड लावून अडकवला की कुठल्या तरी गॅलरीतला, म्हणजे बोगद्यातला, माणूस हवेशिवाय राहते आणि उघडणाऱ्याले पत्ता पण नसते. बिडी माचिस मोबाइल वरच ठेवायचे, झडती होते, तिथं चिडू नये. बिडी बंद म्हणून आपल्याकडचे अर्धे लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, तोंडाच्या कॅन्सरनं माझे दोन जोडीदार गेले, तेवढं पण भावाले सांगा.

माहेर_परासिया:

मी छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची, सासर सावनेरकडचं, दोन्हीकडे खाणच. पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहून राहिले. आमच्या माहेराकडं न्यूटन चिखली म्हणून खाण होती, तिथं १९५४ च्या डिसेंबरात पाणी घुसून ६३ माणसं गेली. मग १९७५ मध्ये २७ डिसेंबरले आताच्या झारखंडातल्या झरियाकडच्या चासनाल्यात ३७५ गेली. जुन्या बंद कामात साचलेलं पाणी एकदम आत येते, पळायले वेळच देत नाही. म्हणून आता पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर आधी डीजीएमएसची परवानगी पाहिजे. ताई, तुमच्या भावाले विचारा त्याच्या डिस्ट्रिक्टच्या आजूबाजूले जुनं काम आहे का, आणि बाहेर निघायचे दोन्ही रस्ते त्याले माहीत आहेत का. खाणीले दोन वेगळे रस्ते असावेच लागतात, पण माणूस रोज एकाच रस्त्यानं येते जाते आणि दुसरा कधी चाललेलाच नसते. माझ्या वडिलांनी आम्हाले सांगितलं होतं, नवीन जागी बदली झाली की ते पहिल्या आठवड्यात दुसऱ्या रस्त्यानं एकदा पायी वर यायचे.

घुग्गुसचा_पोट्टा:

जुन्या कामाचा विषय निघाला म्हणून, २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घुग्गुसले आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं होतं. घरचे थोडक्यात बाहेर निघाले म्हणून वाचले. खाली जुनी अंडरग्राउंड खाण. आजूबाजूची किती तरी घरं रिकामी करावी लागली. खाणीचे नकाशे बरोबर नसले तर वरच्यांले पण धोका असते, फक्त खाली उतरणाऱ्यांले नाही.

धुऱ्यावरची_ताई:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री भावाला बसवून सगळं वाचून दाखवलं, आईसमोरच, लपवून काय उपयोग म्हटलं. आई मध्येच उठून गेली, परत आली आणि म्हणाली ते छत वाजवायचं पुन्हा वाच. मग भावानं काठी घेऊन आमच्या माडीच्या फळ्या ठोकून दाखवल्या तिला, एक फळी खरंच भद्द वाजली.

आज फर्स्ट शिफ्टला त्यानं म्हटलं, तुमच्याच शब्दात, छत तपासून द्या मग जातो. सरदार चिडले, म्हणाले दीड महिन्यात शहाणा झाला का. पण बाजूचे दोन जुने लोडर, म्हणजे कोळसा भरणारे, पण उभेच राहिले, ते पण पुढं गेले नाही. मग ड्रेसरला बोलावलं. त्यानं सब्बल लावली तर दोन जागी दगड आला खाली, एक तर नुसता सब्बल टेकवल्याबरोबर. मग बोल्ट लागले, अर्धा पाऊण तास गेला, मग काम. परवाच्या दगडाची जागा त्यानं कमिटीवाल्या भाऊंना सांगितली, त्यांनी वहीत लिहून घेतली.

दुसरा रस्ता त्याला माहीत नव्हता. रविवारी एक जोडीदार दाखवणार आहे.

काका एक विचारायचं राहिलं. त्याला मिळालेल्या सेल्फ रेस्क्यूअरवरची तारखेची पट्टी पुसून गेली आहे, काहीच वाचता येत नाही, आणि कडेला थोडं चेपलेलं आहे म्हणतो. चालते का असा?

जुना_ओव्हरमन:

नाही चालत. उद्या हाजरी लावायच्या आधी लॅम्प रूममध्ये, म्हणजे टोपीचा दिवा मिळते तिथं, परत द्यायचा आणि दुसरा मागायचा. सील पाहून घ्या, तारीख वाचून घ्या, कानाजवळ हलवून पाहा, आत काही खुळखुळलं तर तो पण घेऊ नका. नंबर रजिस्टरमध्ये बदलून लिहिला का ते डोळ्यानं पाहायचं. नाही देत म्हणाले तर त्याच्याशिवाय खाली उतरायचं नाही, तिथूनच कमिटीवाल्याले फोन लावायचा, अजून मोबाइल जमा केला नसंल तेव्हाच.