उडणं, तरंगणं की हलकं होणं? स्वप्नातल्या उड्डाणाचे मराठी शब्द

मूळ प्रश्न

माझी आई 74 वर्षांची आहे. महिन्याभरात तिला तीनदा सारखंच स्वप्न पडलं. अंगणात तुळशीपाशी उभी असते, पाय जमिनीवरून सुटतात आणि ती कौलांच्याही वर जाते. भीती वाटत नाही, उलट सकाळी चेहरा प्रसन्न असतो. शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला दृष्टांत झाला." भाचीने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं की उडण्याच्या स्वप्नाचा आध्यात्मिक अर्थ मुक्ती. आईने सगळं ऐकून घेतलं, पण तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही. मी विचारलं, "म्हणजे तू उडत होतीस ना?" तर म्हणाली, "उडत नव्हते गं. हलकी झाले होते."

तेव्हापासून माझ्या मनात हे घोळतंय. उडणे, तरंगणे, विहरणे, हलके होणे यांत मराठी माणूस नेमका काय फरक करतो? आणि असल्या स्वप्नाला 'दृष्टांत' म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, आईंनी तुम्हाला दुरुस्त केलं तिथेच अर्धं उत्तर आहे. पण आधी थोडं 'पडलं' या शब्दाबद्दल.

मराठीत स्वप्न 'पडतं'. आपल्याकडे ऊन पडतं, थंडी पडते, प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्यावर येऊन पडतं, आणि म्हणून वाक्यात 'मी' न येता 'मला' येतं. 'स्वप्न पाहणे' म्हटलं की मात्र कर्ता जागा होतो. "मी उडण्याचं स्वप्न पाहिलं" हे वैमानिक होऊ पाहणारी मुलगी म्हणेल. "मला उडण्याचं स्वप्न पडलं" हे तुमच्या आई म्हणतील. मोबाइलवरच्या मजकुरात या दोन्हींची सरमिसळ असते, आणि झोपेत पडलेल्या स्वप्नाला जागेपणीच्या महत्त्वाकांक्षेचा अर्थ चिकटवला जातो.

आता उडणे. या क्रियापदाची मराठीतली सोबत बघा. झोप उडते, रंग उडतो, तारांबळ उडते, थरकाप उडतो, बोजवारा उडतो. पैसे उडवतात, खिल्ली उडवतात, उडवाउडवीची उत्तरं देतात. कामधंदा न करणारा उडाणटप्पू असतो. पाखरू आणि पतंग सोडले तर हा शब्द बहुतेक वेळा काहीतरी हातातून निसटल्याचं सांगतो. जिवाच्या बाबतीतही तसंच, प्राणपाखरू उडून गेलं की माणूस गेला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला स्वतःबद्दल "मी उडाले" म्हणावंसं वाटलं नाही, यात मला काहीच नवल वाटत नाही.

शिवाय 'उडी' याच घरातली. उडीत जमिनीला रेटा द्यावा लागतो. समर्थांच्या मारुतिस्तोत्रात "कोटिच्या कोटि उड्डाणें झेपावे उत्तरेकडे" असं आहे, ते आपण लहानपणापासून म्हणत आलो. मारुतीला पंख नाहीत. तिथलं उड्डाण म्हणजे झेप, बळाचं काम. तुमच्या आईंच्या स्वप्नात बळ कुठेच नाही. पाय 'सुटतात' असा शब्द तुम्हीच लिहिलाय.

तरंगणे हे पाण्याचं. तरंग म्हणजे लाट, त्यामुळे तरंगणाऱ्याला खालून कशाचा तरी आधार असतो. हवेत तरंगणं हे त्यावरून आलं आणि आता ते गर्वाकडे झुकलंय, "सध्या तो हवेत तरंगतोय" असं आपण म्हणतो. विहरणे पुस्तकी, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही.

राहिलं हलकं होणं, आणि मला सगळ्यात बोलावंसं वाटतं ते याच शब्दाबद्दल. संस्कृतात 'लघुक', प्राकृतात त्याची 'लहुअ' आणि 'हलुअ' अशी दोन्ही रूपं झाली, ल आणि ह यांनी जागा बदलल्या. आपला 'हलका' आणि 'हळू' या दुसऱ्या रूपाच्या वंशातले. त्याच लघुपासून 'लाघव' झालं. आज लाघव म्हटलं की गोड बोलणं आठवतं, लाघवी पोर म्हणजे जीव लावणारं पोर. हातचलाखीला हस्तलाघव म्हणतात, तिथे मूळचा हलकेपणा अजून जाणवतो. पण ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 सालच्या मराठीत, हा शब्द अगदी मूळ अर्थाने आलाय. सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झालेल्या योग्याचं वर्णन आहे:

आइकें देह होय सोनियाचें।
परि लाघव ये वायूचें।
जे आप आणि पृथ्वीचे।
अंशु नाहीं॥

देह सोन्यासारखा होतो, पण हलकेपणा वाऱ्याचा, कारण पाणी आणि माती हे जड अंश त्यात उरले नाहीत. पुढे तो वाऱ्याच्या घोड्यावर चढतो, पाण्यावरून चालला तरी पाऊल भिजत नाही, असं येतं. क्रम लक्षात घ्या. आधी हलकेपण, नंतर वर जाणं. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादातही, म्हणजे सिद्धींबद्दलच्या भागातही, आकाशगमनासाठी 'लघुतूल', म्हणजे हलक्या कापसाशी एकरूप होण्याची गोष्ट आहे. पिंजलेला कापूस. त्याला कोणी उडवावं लागत नाही.

तुमच्या आईंनी ही ओवी वाचली असेल-नसेल. पण त्यांनी नेमका तोच शब्द, त्याच्या घरगुती रूपात वापरला.

प्रतिसाद २

'दृष्टांत'बद्दल. आमच्या घरात वारी आहे, म्हणून हा शब्द कानावरचा.

दृष्टांताचा पहिला अर्थ दाखला, उदाहरण. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत आहेत ते याच अर्थाने, आणि अलंकारांत शिकतो तोही हाच. स्वप्नाचा अर्थ नंतर चिकटला. तोही कुठल्याही स्वप्नाला लागत नाही. "देवाने दृष्टांत दिला" असं आपण म्हणतो, म्हणजे देणारा लागतो, आणि काहीतरी दिलं जावं लागतं. अमुक जागी मूर्ती आहे, अमुक कर, हे नाव घे.

सगळ्यात स्वच्छ नमुना तुकोबांचा. गंगास्नानाला जाताना सद्गुरू वाटेत भेटले, मस्तकावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचा स्वप्नात विसर पडला. बाबाजी हे नाव सांगितलं, 'रामकृष्णहरि' मंत्र दिला. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, अशी तिथीसुद्धा अभंगात आहे. देणारा आहे, दान आहे, आणि त्या तुपाची हुरहूरही आहे. ती हुरहूर वाचताना माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं.

तुमच्या आईंना कोणी भेटलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. म्हणून मी त्याला दृष्टांत म्हणणार नाही. पण काकूंना तसं तोंडावर सांगू नका, ताई. त्यांनी प्रेमानेच म्हटलंय.

प्रतिसाद ३

मी वैद्यकी करतो, त्यामुळे थोडं वेगळ्या बाजूने.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वातप्रकृतीच्या माणसाचं वर्णन आहे. अंगाने कृश, त्वचा रखरखीत, चाल भरभर, एका जागी न ठरणारा, आणि "वियति च गच्छति संभ्रमेण सुप्तः", झोपेत आकाशातून जातो. पित्ताच्या माणसाला सोनं, पळस, आग, वीज दिसते. कफाच्या माणसाला कमळं आणि हंस असलेली सुंदर तळी. म्हणजे आपल्याच जुन्या ग्रंथांत उडण्याच्या स्वप्नाचा एक अर्थ मुक्तीशी संबंध नसलेला आहे. वात म्हणजे वारा, वाऱ्याच्या माणसाला वाऱ्याचं स्वप्न.

चरकांनी स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, मनाने रचलेलं, पुढे घडणाऱ्याची सूचना देणारं, आणि दोषांमुळे पडणारं. शब्दचर्चेच्या दृष्टीने 'प्रार्थित' हा शब्द मला फार आवडतो. मागितलेलं स्वप्न. तो आज वापरातून गेला याची खंत वाटते.

एक लक्षात घ्या, सुश्रुत 'संभ्रमेण' म्हणतात. संभ्रम म्हणजे घाई, गडबड. मराठीत संभ्रमाचा अर्थ आता गोंधळ एवढाच उरलाय. तुमच्या आईंच्या स्वप्नात घाई दिसत नाही, तेव्हा मी तरी त्यांना वाताच्या खात्यात घालणार नाही.

प्रतिसाद ४ (पहिलाच प्रतिसादक)

वैद्यबुवांनी 'संभ्रमेण'कडे लक्ष वेधलं ते फार बरं केलं. माझ्याकडून दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहितो.

एक, 'खेचर'. ख म्हणजे आकाश, पोकळी. खग म्हणजे पक्षी. भास्कराचार्यांच्या गणितात ख म्हणजे शून्य, आणि शून्याने भागलेली संख्या 'खहर'. ख-मध्ये चरणारा तो खेचर, आकाशात हिंडणारा सिद्ध. पण मराठीत खेचर म्हणजे घोडी-गाढवाचं शिंगरूसुद्धा, ओझी वाहणारं. औंढा नागनाथाला नामदेवांना भेटलेले गुरू विसोबा खेचर यांच्या नावात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आख्यायिका अशी, की ज्ञानदेव-मुक्ताबाई या भावंडांना छळणाऱ्या या विसोबाला पुढे पश्चात्ताप झाला, ते ज्ञानदेवांचं उष्टं खाऊ लागले, तेव्हा ज्ञानदेव म्हणाले, "खेचरा, परता सर." तोच शब्द त्यांनी नाव म्हणून अंगावर घेतला. ओझ्याचं जनावर आणि आकाशातला सिद्ध एकाच नावात. एवढी भाग्यवान नावं भाषेत फार नसतात.

मुक्ताबाईंची "मुंगी उडाली आकाशी" मला याच्याच शेजारची वाटते. साधनेचे दोन मार्ग सांगतात: पिपीलिका म्हणजे मुंगीचा, फांदीफांदीने चढण्याचा, आणि विहंगम म्हणजे पक्ष्याचा, थेट फळावर झेपावण्याचा. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानमार्गाला 'विहंगममत' म्हटलंय. मुक्ताबाईंनी पक्ष्याला उडवलंच नाही. मुंगीला उडवलं, आणि तिच्याकडून सूर्य गिळवला. माझं वाचन असं, की दोन मार्गांची भिंतच त्यांनी पाडली. (वर्तमानपत्रं धरणाच्या फोटोखाली 'विहंगम दृश्य' छापतात तेव्हा या शब्दाचं एवढं मोठं पूर्वायुष्य कोणाच्या मनात येत नसेल, याचं मला वाईट वाटतं.)

दुसरी गोष्ट 'आध्यात्मिक अर्थ' याबद्दल. उडणं म्हणजे मुक्ती, हे समीकरण आपल्या परंपरेत इतकं सरळ नाही. ज्या विभूतिपादात आकाशगमन येतं त्यातच अशा काही सिद्धी समाधीत 'उपसर्ग' आहेत, असं सांगितलंय. उपसर्ग म्हणजे अडथळा, उपद्रव. जुनी माणसं अजून म्हणतात, "या धुराचा मला फार उपसर्ग होतो." अगदी त्याच अर्थाने.

आणि बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला स्वप्न समजावतात तिथे तर प्रत्येकच स्वप्न म्हणजे उड्डाण आहे, मग त्यात आपण उडत असू वा नसू. आत्मा हा एकटा हंस. तो प्राणाला राखणीला ठेवून देहाच्या घरट्याबाहेर पडतो, हवं तिथे हिंडतो. घरट्याला तिथे 'कुलाय' म्हटलंय. पुढे सांगतात, जसा ससाणा किंवा गरुड आकाशात फिरून थकतो, पंख मिटतो आणि घरट्याकडे वळतो, तसा हा पुरुष त्या गाढ झोपेकडे धावतो जिथे काही इच्छा नाही आणि स्वप्नही नाही. विसावा पंख मिटल्यावर आहे. मुक्तीचा शब्द शोधायचाच असेल तर मी तो या पंख मिटण्यात शोधेन, वर जाण्यात नाही.

ताई, आईंना एक विचाराल का? वरून त्यांना काय दिसलं, आणि त्या खाली कशा आल्या? हा भाग सहसा कोणी विचारत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लाघव आणि हलकं एकाच घरातले, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बरोबरच बोलले की मी."

काल संध्याकाळी ती गवार मोडत बसली होती तेव्हा तुमचा प्रश्न विचारला. वरून काय दिसलं? म्हणाली, आपलंच घर. कौलांवर आंब्याची पानं पडलेली, मागच्या बाजूची दोन कौलं सरकलेली. आत खाटेवर कोणीतरी झोपलेलं होतं, ते कोण ते नीट दिसलं नाही, पण श्वास ऐकू येत होता.

"आणि खाली कशी आलीस?"

"दाराला कडी घातली नव्हती ना," ती म्हणाली. "म्हणून आले."

आज सकाळी माणूस बोलावून मागची कौलं बघितली. दोन सरकली होती.