गणितात विशेष गती असलेल्या मुलीसाठी पाचवीपासून कोणती शाळा निवडावी?

प्रश्न : एक पालक, फलटण

माझी मुलगी चौथीत, गावातल्या अनुदानित मराठी शाळेत शिकते. गेल्या महिन्यात तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लगतच्या चार तारखांचा चौकोन घेतला आणि तिरप्या जोड्यांचे गुणाकार केले. 9 आणि 17 यांचा गुणाकार 153, 10 आणि 16 यांचा 160, म्हणजे फरक 7. चौकोन कुठेही घेतला तरी फरक सातच येतो हे लक्षात आल्यावर, आठवडा पाच दिवसांचा असता तर पाच आला असता का, असे तिने मला विचारले आणि वहीत पाच-पाचच्या ओळी आखून ते स्वतःच तपासले. शाळेतल्या बाई मायाळू आहेत, परंतु भरलेल्या वर्गात गणिते आधी सोडवून झालेल्या मुलीला गप्प बसवण्याखेरीज त्यांना फारसे काही करता येत नाही.

पाचवीसाठी आमच्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, गावातलीच सेमी-इंग्रजी शाळा. दुसरी, तालुक्यातली सीबीएसई शाळा, जिथे सहावीपासून ‘फाउंडेशन’ची, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या आगाऊ तयारीची जादा तुकडी चालते आणि जिची फी आम्हाला ओढाताण करूनच भरता येईल. तिसरी, तिला घेऊन पुण्याला राहायला जाणे. जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या परीक्षेबद्दलही नातेवाईक सुचवतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, नाशिक

ताई, आपल्या मुलीने केले ते केवळ भराभर आकडेमोड करणे नव्हे. नियम दिसल्यावर तो कशामुळे आहे हे शोधण्यासाठी तिने परिस्थितीच बदलून पाहिली, आणि गणितातली खरी गती मी इथेच मानतो. पाढे झरझर म्हणणारी मुले पुष्कळ असतात. असा प्रश्न विचारणारी मुले मला माझ्या नोकरीत फार थोडी भेटली.

म्हणून फाउंडेशनच्या तुकडीसाठी ओढाताण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक ठिकाणी तिथे आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम दोन वर्षे आधी उरकतात आणि चार पर्यायांतून उत्तर हेरण्याचा सराव करून घेतात. त्यामुळे जिला आज वर्गात कंटाळा येतो, तिला नियमित वर्गात पुढे तो दुप्पट येईल, आणि संध्याकाळचा जो मोकळा वेळ तिला सर्वांत गरजेचा आहे तोही जाईल. त्याऐवजी प्रत्येक शाळेत जाऊन पाचवी-सहावीला गणित शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटण्याची परवानगी मागा आणि हाच दिनदर्शिकेचा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवा. जे शिक्षक कागद ओढून घेऊन स्वतः करून पाहतील, त्यांची शाळा निवडा, मग ती सेमी-इंग्रजी असो वा मराठी. ‘हे अभ्यासक्रमात नाही’ असे ज्या शाळेत ऐकावे लागेल, तिथली इमारत कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही.

तोपर्यंत तिला घरी एक काम द्यावे. देवळालीच्या शाळेत अनेक वर्षे शिकवलेल्या गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची 6174 ही संख्या आपल्याला ठाऊक असेल. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचे. शेवटी 6174 येते. तीन अंकी संख्यांसाठी 495 येते. तिला आधी तीन अंकांचेच द्या, कारण तिथे प्रत्येक उत्तरात मधला अंक 9 असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9 होते, हे तिला स्वतःला सापडू शकेल (उत्तर 99 आले तर ते 099 असे लिहावे). कृपया ते आधी सांगून टाकू नका.

उत्तर : एक आई, पुणे

सरांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, मात्र एक गोष्ट त्यात राहून गेली असे मला वाटते. चांगल्या शिक्षकांइतकीच अशा मुलांना बरोबरीच्या सोबत्यांची गरज असते. वर्गात आपल्यासारखे कोणीच नाही, ही जाणीव नऊ-दहा वर्षांच्या मुलीला एकाकी करते, आणि मुली तर पुष्कळदा आपली हुशारी लपवायला शिकतात.

पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला आहे. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये संस्था स्थापन केली आणि 1969 मध्ये प्रशाला सुरू झाली. पाचवीचा प्रवेश चाचण्यांमधून होतो. पण ती सर्वांगीण प्रज्ञेची शाळा आहे, गणिताची खास शाळा नव्हे, हे लक्षात घेऊनच विचार करावा. गणितासाठी गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये स्थापलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. ऑलिम्पियाडच्या, म्हणजे शालेय विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धांच्या तयारीसाठी ते ओळखले जाते, आणि पाचवी-सहावीच्या मुलांसाठी त्यांची गणित प्रज्ञाशोध स्पर्धाही असते. तेवढ्यासाठी अख्खे बिऱ्हाड हलवू नये असे मला वाटते. सुटीतल्या शिबिरांना पुण्यात येऊन गणिताच्या मैत्रिणी मिळाल्या, तर उरलेले वर्ष पत्रे आणि फोन यांवर निभते.

उत्तर : नवोदयचा माजी विद्यार्थी, सध्या बेंगळुरू

नवोदयबद्दल थोडी माहिती देतो. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा पाचवीत असताना, आपण शिकतो त्याच जिल्ह्यातून, एकदाच देता येते. दोन तासांच्या 80 प्रश्नांपैकी अंकगणिताचे फक्त 20 असतात, 40 बौद्धिक क्षमतेचे आणि 20 भाषेचे. किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी असल्यामुळे आपल्या मुलीला संधी चांगली आहे. राहणे-जेवण शाळेतच असते. सुरुवातीची वर्षे मातृभाषेतून शिक्षण आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून, हा बदल मला सोपा गेला. गणिताचा खरा लाभ मला वर्गात कमी आणि वसतिगृहात अधिक झाला, कारण एकच गणित चौघे मित्र तीन-तीन दिवस डोक्यात घोळवत असू. परंतु अकराव्या वर्षी घर सोडण्याची तिची तयारी आहे का, हे तिलाच विचारायला हवे.

शाळांच्या जाहिरातीत ‘ऑलिम्पियाड’ हा शब्द दिसला तर नीट चौकशी करावी. पहिलीपासून घेतल्या जाणाऱ्या खासगी परीक्षा वेगळ्या. खऱ्या ऑलिम्पियाडसाठी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची निवड प्रक्रिया साधारण आठवीपासून सुरू होते, आणि तिच्या वरच्या टप्प्यांवर पर्याय नसतात, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. त्यासाठी आज काहीही घाई नाही.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांची मनापासून आभारी आहे. नवोदयची परीक्षा ती देईल. जायचे की नाही हे निकालानंतर तिच्याशी बोलून ठरवू. पुण्याला बिऱ्हाड नेण्याचा विचार मात्र आम्ही सोडला आहे. एक शंका उरते. एक इयत्ता ओलांडून तिला थेट सहावीत बसवावे, असे काहीजण सुचवतात. ते योग्य होईल का?

उत्तर : निवृत्त गणित शिक्षक, नाशिक

माझ्या मते नाही. तिला पुढे नेऊन प्रश्न सुटत नाही, कारण सहावीचे गणितही तिला काही महिन्यांत पुरेनासे होईल, आणि हाताची पकड, भाषा, खेळ या बाबतींत मात्र ती मागे पडेल. त्याऐवजी ती पाचवीतच राहून फक्त गणिताच्या तासाला सहावीच्या वर्गात बसू शकेल का, हे मुख्याध्यापकांना विचारावे. लहान शाळेत हे सहज जमते, परंतु त्यासाठी दोन्ही इयत्तांचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवावे लागतात. म्हणून जूनमध्ये वेळापत्रक लागण्यापूर्वी, शक्यतो एप्रिलच्या अखेरीसच त्यांना भेटा.