तेहरानचा गुलिस्तान राजवाडा नक्की कोणत्या काळातला? आणि आपलं मयूरासन तिथे आहे का?

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. सध्या इराणच्या काजार घराण्याबद्दल वाचतेय आणि गुलिस्तान राजवाड्यापाशी येऊन अडकलेय. एका फोटोत राक्षस आणि पऱ्यांनी खांद्यावर तोललेलं संगमरवरी सिंहासन, दुसऱ्यात घड्याळवाली दोन मनोऱ्यांची इमारत, तिसऱ्यात भिंतभर फरश्या आणि त्यावर चक्क युरोपातलं कुठलंसं गाव. आणि सगळ्यांखाली नाव एकच! कुठे म्हणतात सफवी काळातला, कुठे १८ व्या शतकातला, कुठे १९ व्या. धरायचं काय?

दुसरं म्हणजे, आमचे बाबा ठामपणे सांगतात की शाहजहानचं मयूरासन तिथेच ठेवलंय. खरं आहे का? तिथे राहिलेलं किंवा जाऊन आलेलं कुणी असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

भटका_जोशी

बाबांचं बरोबर आहे. नादिरशहाने दिल्लीहून नेलं ते तिथेच. त्यांच्या शहाच्या राज्याभिषेकाच्या जुन्या फोटोतही दिसतं की.

ओळंबा

जोशीबुवा, जरा दमानं. सिंहासनाकडे येतो, आधी वाड्याचं बघू.

कामानिमित्त काही वर्षं तेहरानात होतो. पेशाने स्थापत्य अभियंता, त्यामुळे माझी नजर आधी भिंतीच्या जोडाकडे जाते, नक्षीकडे मागाहून. खिडकीपाशीताई, तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण गुलिस्तान हा एक वाडा नाहीच. एका बागेभोवती वेगवेगळ्या राजांनी उभारलेल्या इमारती आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाने आधीच्याचं काहीतरी पाडून आपलं बांधलंय. म्हणून "कधी बांधला" या प्रश्नाला एक उत्तर मिळत नाही. "कुणी काय पाडलं" असं विचारलंत की सगळं सरळ लागतं.

सफवी म्हणतात ते तटबंदीमुळे. १६ व्या शतकात शाह तहमास्पने तेहरानला कोट घातला, त्याच्या आत पुढे अर्ग म्हणजे बालेकिल्ला झाला. पण आज डोळ्यांना सफवी असं काही दिसत नाही. मग आला करीमखान झंद. राजधानी शिराझ, स्वतःला शाह म्हणवून घेतलं नाही, वकील म्हणजे प्रतिनिधी म्हणवलं. त्याने १७५९ च्या सुमारास इथे एक छोटी वास्तू बांधली, तिचा उरलेला कोपरा म्हणजे 'खल्वत-ए-करीमखानी'. तीन कमानींची ओसरी, मधे छोटा हौद, त्यात पूर्वी कारंजं उडायचं. पाणी कनातीतून, म्हणजे जमिनीखालच्या चरातून यायचं. उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं की कळतं हा माणूस दिखाव्यासाठी नाही, बसण्यासाठी बांधत होता. मला विचाराल तर अख्ख्या गुलिस्तानात ही एकच जागा माणसाच्या मापाची आहे.

त्यानंतर आगा महंमदखान काजार. लहानपणी शत्रूने खच्ची केलेला, पुढे करीमखानाच्या दरबारात शिराझला वर्षानुवर्षं ओलीस. १७७९ मध्ये करीमखान मेला आणि हा तिथून निसटला. तेहरानला राजधानी केली आणि सूड असा उगवला की करीमखानाची हाडं शिराझहून उकरून आणली आणि वाड्याच्या उंबऱ्याखाली पुरली, येता-जाता पाय पडावा म्हणून! हाडांच्या बरोबरीने शिराझच्या वाड्यातले दगडी खांबही उचलून आणले. तुम्ही फोटोत पाहिलेल्या संगमरवरी सिंहासनाच्या दालनात समोर जे दोन उंच पिळाचे खांब दिसतात ना, तेच ते.

ते सिंहासन मात्र आगा महंमदाचं नव्हे. तो १७९७ मध्ये स्वतःच्याच नोकरांच्या हातून मारला गेला. गादीवर आला पुतण्या फतह अली शाह, ज्याची कमरेपर्यंतची काळीभोर दाढी दर दुसऱ्या काजार चित्रात दिसते. त्याने १८०६ मध्ये हे 'तख्त-ए-मरमर' करवून घेतलं. यझदचा संगमरवर, एकूण ६५ तुकडे, आराखडा दरबारी चित्रकार मिर्झा बाबाचा. जवळ जाऊन बघाल तर राक्षसांच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा कोरलेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओझ्याने वैतागल्याचा भाव आहे. पऱ्या मात्र मजेत. दालन पुढच्या बाजूने पूर्ण उघडं, खाली अंगणात दरबारी उभे. सगळ्यांना शाह दिसला पाहिजे, पण हात पोचेल इतक्या जवळ कुणी येता कामा नये, अशी रचना.

त्याच्याच काळातली 'इमारत-ए-बादगीर'. हिच्यावर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतं घेतो. कोपऱ्यांवर निळ्या-पिवळ्या-काळ्या फरश्यांचे वारा पकडणारे मनोरे, वर सोनेरी घुमटी. वरची झुळूक आत खेचून खाली तळघरात सोडतात, तिथे हौदातल्या पाण्यावरून ती सरकते, गार होते आणि मग दिवाणखान्यात चढते. ना पंखा, ना यंत्र. बाहेर अंग भाजून निघतंय आणि आत त्या तळघरात हात फिरवला तर भिंत गार लागते.

आता नासिरुद्दीन शाह, १८४८ ते १८९६. तुमचे बाकीचे दोन्ही फोटो याचे. घड्याळवाली ती 'शम्स-उल-इमारत', १८६५ ते ६७. उंच जागेवरून जनान्यासह शहर बघता यावं अशी शाहची हौस. उंची सुमारे ३५ मीटर, त्या वेळी तेहरानात याहून उंच काही नव्हतं. इराणात बांधकामात लोखंड वापरलेल्या पहिल्या इमारतींत हिची गणना होते. बागेतून बघा आणि मागच्या नासिर खुसरो रस्त्यावरूनही बघा. बागेतून ती मिरवते, रस्त्यावरून बिचारी दुकानांच्या पाट्यांमधून मान काढून उभी असते.

१८७३ मध्ये हा गडी युरोपला जाऊन आला. तिथली संग्रहालयं बघून डोळे दिपले, आल्यावर स्वतःचं हवंच होतं. म्हणून 'तालार-ए-सलाम' आणि त्याला लागून आरसेमहाल, 'तालार-ए-आइने'. त्यासाठी फतह अलीचं जुनं काम गेलं आणि करीमखानाच्या त्या सुंदर वास्तूचाही मोठा भाग गेला. फरश्यांवरची युरोपातली गावं, पूल, चर्चं हीसुद्धा याच काळातली आवड, छापील चित्रांवरून उतरवलेली. रंगात गुलाबी आणि पिवळा इतका की इस्फहानच्या निळ्याची सवय झालेल्या डोळ्यांना पहिल्यांदा खटकतं. मला अजूनही खटकतं, खोटं कशाला बोलू. ताई, तुमचा तो फोटो बहुधा यातलाच.

आरसेमहाल मात्र बघावा तो कमालुलमुल्कच्या चित्रात. काही वर्षं खपून त्याने रंगवलेला हा कॅनव्हास गुलिस्तानातच आहे. छतावरचा एकेक भिंगाचा तुकडा, झुंबरं, गालिच्यावर पडलेला खिडकीचा उजेड, आणि या सगळ्यात एका बाजूला खुर्चीवर बसलेला शाह इतका लहान की शोधावा लागतो. राजाला इतकं छोटं काढायची चित्रकाराची छाती आणि ते राजाला चालणं, दोन्हीचं मला कौतुक वाटतं.

सर्वांत मोठी पाडापाडी काजारांनी नाही, त्यांच्यानंतरच्या रझा शाह पहलवीने केली. १९२५ मध्ये काजार गेले, आणि नव्या शाहला शहराच्या मधोमध हे जुनं प्रकरण आधुनिकतेच्या आड येणारं वाटलं. जनानखाना गेला, तिथे अर्थमंत्रालयाची इमारत आली. तट, दरवाजे, कचेऱ्या, सगळं सपाट. आज तिकीट काढून आपण बघतो तो जुन्या अर्गचा एक तुकडा म्हणावा इतकाच. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, तोही एवढाच उरलेला.

आता सिंहासन. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली (इकडे तेव्हा चिमाजीअप्पांचा वसईला वेढा पडला होता) आणि शाहजहानचं मयूरासन नेलं, इथपर्यंत सगळं खरं. पण १७४७ मध्ये नादिरचा खून झाला आणि त्या धामधुमीत ते नाहीसं झालं. इराणात ज्याला 'तख्त-ए-ताऊस' म्हणतात ते फतह अली शाहने नव्याने करवलेलं आहे. पाठीला रत्नजडित सूर्य, म्हणून आधी ते सूर्यासन होतं. त्याची एक लाडकी बेगम ताऊस, तिच्यावरून पुढे हे नाव पडलं असं सांगतात. ते गुलिस्तानात बरीच वर्षं होतं, आता मध्यवर्ती बँकेच्या जवाहिरखान्यात आहे. आणि जोशीबुवा, १९६७ च्या राज्याभिषेकात महंमद रझा शाह ज्यावर बसला ते तिसरंच, 'तख्त-ए-नादिरी'. नावात नादिर असलं तरी तेही काजार काळातलं.

भटका_जोशी

घ्या! म्हणजे तेहरानात तीन सिंहासनं, त्यांतलं शाहजहानचं एकही नाही.

खिडकीपाशी

ओळंबाकाका, मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतेय. बाबांना मयूरासनाचं सांगितलं, ते मानायला तयार नाहीत, ते असो. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. त्या हाडांचं पुढे काय झालं? आणि करीमखानाच्या त्या ओसरीत एक कोरीव थडग्याचा दगड दिसतो, तो त्याचाच का?

शाईचा_डाग

सिंहासन नसेना का, पण दिल्लीची एक वस्तू गुलिस्तानच्या ग्रंथालयात नक्की आहे आणि माझ्या मते ती सिंहासनापेक्षा मोलाची आहे. 'मुरक्का-ए-गुलशन', जहांगीरचा चित्रसंग्रह. सलीम असतानाच त्याने हा जमवायला घेतला. एका पानावर चित्र, एका पानावर सुलेखन, असा क्रम. सुलेखनाच्या पानांचे हाशिये, म्हणजे कडेचे समास, हा तर खजिना आहे: सोन्याच्या पुसट रेषांत रंग घोटणारा, कागदाला झिलई देणारा, पुस्तक बांधणारा अशी माणसं काढलीत. दरबारी चित्रकार दौलतने हाशियात आपल्याच सहकारी चित्रकारांची व्यक्तिचित्रं काढून ठेवली आहेत. मनोहर, बिशनदास, गोवर्धन हे दिसायला कसे होते ते आपल्याला कळतं ते या पानांमुळे. युरोपातल्या छापचित्रांच्या नकलाही आहेत, म्हणजे फरश्यांवरच्या त्या गावांच्या अडीचशे वर्षं आधी मोगलांकडे हेच चाललं होतं. हा संग्रहही नादिरच्या लुटीतूनच गेला असं बहुतेक अभ्यासक मानतात. काही पानं फुटून बर्लिनला पोचली, बरीचशी तेहरानात आहेत.

त्याच ग्रंथालयात १४३० चं बायसुंगुरी शाहनामा हस्तलिखितही आहे, तैमूरच्या पणतवाने हेरातला करवलेलं.

ओळंबा

शाईताई/दादा, जे असाल ते, पणतू नव्हे, नातू. बायसुंगुर हा शाहरुखचा मुलगा आणि शाहरुख तैमूरचा. बाकी शंभर टक्के सहमत.

ताई, हाडं रझा शाहच्या काळात तिथून काढली. पाडापाडीबद्दल त्याला कितीही बोललो तरी एवढं श्रेय त्याचं.

दगड करीमखानाचा नाही, नासिरुद्दीन शाहचा. १ मे १८९६ ला, राज्याला चांद्र हिशोबाने पन्नास वर्षं होत आली म्हणून उत्सवाची तयारी चालू होती आणि हा तेहरानजवळच्या रै गावी शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात गेला. तिथे मिर्झा रझा किरमानीने गोळी घातली. वजीर अमीनुस्सुलतान डोक्याने थंड. बातमी फुटली तर शहरात लुटालूट होईल, म्हणून त्याने प्रेत बग्गीत टेकवून बसवलं आणि शाह जखमी आहे असं भासवत तेहरानपर्यंत आणलं. दफन पुढे त्याच दर्ग्यात झालं, वर हा पूर्णाकृती कोरलेला संगमरवर. शाह फौजी पोशाखात, तलवारीसकट. १९७९ च्या क्रांतीनंतर तिथून हललेला दगड अखेर गुलिस्तानात आला. त्या ओसरीत निवांत बसून हुक्का ओढायची या शाहला आवड होती, म्हणून तिथेच ठेवला म्हणतात. ज्या वास्तूचा निम्मा भाग स्वतः पाडला तिच्याच उरलेल्या कोपऱ्यात!

मघाशी एक राहिलं. याच शाहने वाड्याच्या आग्नेयेला 'तकिये दौलत' बांधली होती. मोहरममध्ये ताजिया, म्हणजे करबलाच्या प्रसंगांची नाटकं व्हायची, त्यांच्यासाठी. गोल इमारत, मधोमध गोल चौथरा, भोवतीच्या मोकळ्या पट्ट्यातून घोडे-उंट फिरायचे, वर सांगाड्यावर कापडी छत ताणायचे. जमिनीवर बायकांची खच्चून गर्दी, सज्जांत मानकरी. शाहचं प्रेतही दफनाआधी इथेच ठेवलं होतं, आणि डिसेंबर १९२५ मध्ये रझाखानाला (म्हणजे पुढच्या रझा शाहला) गादी देणारी सभाही इथेच भरली. १९४० च्या दशकात ती पाडली आणि त्या जागी बँकेची शाखा उभी राहिली. कमालुलमुल्कने तिचंही चित्र काढलंय. आरसेमहालाचं चित्र बघायला जाल तेव्हा हेही विचारा.

आणि जाणार असाल तर फाटकावरच ठरवा काय काय बघायचं ते. मी होतो तेव्हा प्रत्येक दालनाचं तिकीट वेगळं असायचं आणि आत गेल्यावर वाढवून मिळायचं नाही. वेळ कमी असेल तर सलाम दालन-आरसेमहाल, शम्स-उल-इमारत आणि बादगीर घ्या. संगमरवरी सिंहासन अंगणातूनच दिसतं.

शाईचा_डाग

नातू, बरोबर. आणि ताई.