मदत हवी आहे: रेडिएटर फॅनचा रिले क्लिकच होत नाही

माझी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, रविवारी खंबाटकी घाटात ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा लालवर गेला, बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आणि फॅन मात्र गप्प. मुलं मागे बसलेली, जीव घाबरा झाला अगदी.

घरी आल्यावर तपासलं ते सांगतो. फ्यूज चांगला आहे, हॉर्नचा सेम रिले (फॅनला करंट जोडणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) लावून बघितला तरी तेच. रिलेच्या सॉकेटमध्ये 30 नंबरच्या पिनला (बॅटरीचा प्लस) 12.4 व्होल्ट येतात, इग्निशन ऑन केलं की 86 ला (रिलेच्या कॉइलचा प्लस) पण येतात, 30 आणि 87 (फॅनकडे जाणारी पिन) वायरने जोडले की फॅन जोरात फिरतो म्हणजे मोटर ठीक. 85 ला (कॉइलची दुसरी पिन) हाताने अर्थ दिला की रिले टक् करून ओढतो. पण एसी लावला किंवा स्कॅनरवर 104 डिग्री दिसले तरी ईसीएमकडून (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) 85 ला अर्थ येतच नाही.

मेकॅनिक म्हणतो सरळ ईसीएम बदला. मला ते पटत नाहीये, कारण 85 च्या टर्मिनलवर हिरवट गंज दिसतोय, वायरच आतून तुटली असेल का? बॅटरी काढून ईसीएमच्या कनेक्टरपासून 85 पर्यंत कंटिन्युटी (वायर सलग आहे का ते) बघायची आहे, पण ईसीएमच्या कनेक्टरवर फॅन रिलेची पिन कोणती ते कसं ओळखायचं? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा, गाडी रोज लागते.