लॅपटॉपच्या चार्जरला घरी चुंबकी जोड: करावा की करू नये?

पूर्वभागकर
आमच्याकडे खाली माग, वर बिऱ्हाड. पोरं वायरीत पाय अडकवतात आणि लॅपटॉप तरी पडतो, नाहीतर आतला जॅक मोडतो. ॲपलनं 2006 मध्ये मॅगसेफ हा चुंबकी जोड आणला तो यासाठीच: वायर ओढली की जोड सुटतो, यंत्र जागच्या जागी. 19 व्होल्ट, 65 वॉटच्या साध्या अडॅप्टरला तसा जोड घरी करता येतो आणि करावाच, असं माझं ठाम मत आहे. निओडिमियम चुंबक, स्प्रिंगच्या पिना, जाड वायर. बस्स.

मीटरवाला
खाली माग म्हणताय, तिथंच घोडं अडतं की ओ! चुंबक लोखंडाचा कीस ओढतो. दोन पिनांमध्ये कीस बसला की शॉर्ट. ॲपलच्या मॅकचा अडॅप्टर समोर लॅपटॉप आहे याची खात्री झाल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज सोडत नाही. तुमच्या जोडात 19 व्होल्ट कायम उघडे. त्यात 65 वॉटला साडेतीन अँपिअर लागतात, बारीक पिना तापणारच. घरात पोरं आहेत म्हणून तर मी नको म्हणतोय.

पूर्वभागकर
कीसाचं मान्य. म्हणून अडॅप्टरकडचे संपर्क खोल खाचेत ठेवायचे, पिना लॅपटॉपच्या बाजूला. प्लस-मायनसला दोन-दोन पिना आणि वायरीत फ्यूज. एका चुंबकाचा उत्तर ध्रुव बाहेर, दुसऱ्याचा दक्षिण. उलटा लावायला गेलं तर जोड स्वतःच ढकलून देतो.

सोल्डरिंगताई
हे ध्रुवांचं आवडलं. फक्त आधी पिनांना वायरी सोल्डर करा, चुंबक शेवटी इपॉक्सीनं चिकटवा. साधं निओडिमियम 80 अंशांच्या पुढे कमजोर पडतं आणि सोल्डरिंग आयर्न 300 च्या वर असतं. टाइप-सी चार्जरवर मात्र हा प्रयोग कुणीही करू नये. त्यात 20 व्होल्टच्या पिनेला खेटूनच संदेशाची पिन असते, जोड जरा तिरका बसला तरी पोर्ट जायचा.

मीटरवाला
ताई, चालू लॅपटॉपची वायर सुटताना ठिणगी पडते त्याचं काय? मागाच्या घरात हवेत कापसाची तुसं असतात. त्यापेक्षा वायर भिंतीकडून फिरवा, एल आकाराचा जॅक घ्या.

पूर्वभागकर
सॉकेट एकच, तेही दाराशेजारी. भिंतीकडून फिरवली तरी वायर उंबऱ्यावरूनच जाते. ठिणगीचा मुद्दा खरा आहे. जोड वरच्या खोलीतच वापरीन, मागाजवळ नाही. पण करणार.